घरातली चौथी पाळी

गुंतागुंतीच्या आजाराचे मूल घरी सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी आणि पालकांसाठी

पिंपरी-चिंचवडचे घड्याळ कारखान्यांनी लावून दिलेले आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. भोसरी, चिंचवड आणि आकुर्डीच्या माळावर यंत्रांचा आवाज घुमू लागला, आणि पुढे ही वसाहत इंद्रायणी ओलांडून चाकण-महाळुंगेपर्यंत पसरली. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी या तीन शब्दांवर इथल्या लक्षावधी घरांचे जेवण, झोप आणि सणवार ठरत आले. आपल्या वाचकांपैकी कित्येकांनी आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे या तीन पाळ्यांत घालवली असतील.

या गावातील काही घरांत मात्र एक चौथी पाळी चालते. तिला भोंगा नाही, साप्ताहिक सुट्टी नाही आणि सेवानिवृत्तीही नाही. त्या घरात एखादे मूल असते, ज्याला तोंडाने घास गिळता येत नाही आणि नाकातून पोटात गेलेल्या नळीवाटे दर तीन तासांनी दूध द्यावे लागते. एखाद्याच्या गळ्याला श्वासासाठी छिद्र केलेले असते आणि त्यात साचणारा कफ रात्री चार-चार वेळा यंत्राने ओढून काढावा लागतो. एखाद्याला झटके येतात, एखाद्याचे स्नायू दिवसेंदिवस दुर्बळ होत जातात, तर एखादे अपुऱ्या दिवसांचे बाळ प्राणवायूच्या नळीसह घरी आलेले असते. नवजात अतिदक्षता विभागांमुळे पूर्वी न वाचणारी अनेक बाळे आज वाचतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण वाचलेल्या बाळांपैकी काहींची लढाई पुढे घरात चालू राहते आणि ती कोणाला दिसत नाही.

ही चौथी पाळी बहुधा दोन स्त्रियांच्या खांद्यांवर असते. एक त्या मुलाची आई, जी नोकरी सोडून घरी बसलेली असते. दुसरी आजी, जी लातूर, बीड, सोलापूर किंवा जळगावकडच्या गावातून ‘चार महिन्यांसाठी’ म्हणून आलेली असते आणि मग परत जाऊ शकत नाही. वडील पाळीवर असतात, आणि नोकरी कंत्राटी असेल तर एक खाडासुद्धा महाग पडतो. आजोबा औषधे आणतात, रांगेत उभे राहतात, मुलाशेजारी बसून असतात. आजचा लेख या घरांसाठी आहे, आणि ज्यांच्या शेजारी असे घर आहे त्यांच्यासाठीही आहे.

औषधानंतरचा प्रश्न

२०२१ साली भोसरी परिसरातील एका चिमुकलीसाठी सोळा कोटी रुपयांच्या औषधाची हाक सर्वदूर पोहोचली होती. पाठीच्या कण्यातील चेतापेशी क्षीण होत जाणारा, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा जनुकीय आजार तिला होता. हजारो अनोळखी माणसांनी वर्गणी दिली. जून महिन्यात तिला ते औषध मिळाले. १ ऑगस्ट २०२१ रोजी ती गेली. या शहरातील अनेक घरांत त्या रात्री चूल पेटवताना हात जड झाले असतील.

त्या दुःखाची चिकित्सा करण्याचा येथे हेतू नाही आणि तो अधिकारही कोणास नाही. पण त्या घटनेने एक गोष्ट सर्वांसमोर आणली. अशा आजारात औषध हा लढ्याचा एक भाग असतो. श्वास, आहार, कफ, संसर्गापासून बचाव आणि मुलाला योग्य स्थितीत ठेवणे हा दुसरा भाग असतो, आणि तो औषध मिळाले तरी किंवा न मिळाले तरी रोज चालू ठेवावा लागतो. या दुसऱ्या भागासाठी वर्गणीचे आवाहन होत नाही. त्याला लागते शिकवण, साधने आणि माणसे.

हे जगाला उशिराच उमगले. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९७८ साली जन्मलेली केटी बेकेट ही मुलगी पाच महिन्यांची असताना मेंदूज्वराने आजारी पडली आणि श्वासयंत्रावर अवलंबून राहिली. जवळपास तीन वर्षे तिने रुग्णालयात काढली. घरी सांभाळणे शक्य होते आणि खर्चही कमी होता. पण सरकारी नियम असा, की रुग्णालयात ठेवले तरच खर्च मिळेल. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रीगन यांनी तिचे उदाहरण जाहीरपणे मांडले, नियम बदलला आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात केटी घरी आली. ती ३४ वर्षे जगली, शिकली आणि २०१२ मध्ये वारली. तिच्यामुळे पुढे असंख्य मुलांना रुग्णालयाच्या खाटेऐवजी घरचे अंथरूण मिळाले. घर हे उपचाराचे ठिकाण होऊ शकते, मात्र घराला त्यासाठी तयार करावे लागते, हाच त्या मुलीच्या आयुष्याचा धडा आहे.

शिकल्यावाचून घरी नेऊ नये

मूल रुग्णालयातून घरी सोडण्याचा दिवस ठरला की सर्वांना घाई होते. येथेच थांबावे. नळीवाटे दूध देणे, कफ ओढणे, नळी सरकली तर काय करायचे, झटका आला तर कोणते औषध किती द्यायचे, या गोष्टी परिचारिकेसमोर आपल्या हातांनी किमान तीन-चार वेळा करून पाहाव्यात. हे शिक्षण एकट्या आईला देऊन भागत नाही. घरातील किमान दोघांनी शिकलेच पाहिजे. आई आजारी पडली, तिला झोप अनावर झाली, तर दुसरा हात तयार हवा. आजीला वाचता येत नसेल तर तिच्यासाठी भ्रमणध्वनीवर परिचारिकेच्या परवानगीने चित्रफीत करून ठेवावी.

काही गोष्टी मनावर कोरून ठेवण्याजोग्या आहेत.

नळीने किंवा चमच्याने, कसेही भरवायचे असो, मूल कधीही पूर्ण आडवे नसावे. डोके आणि छाती उंचावर हवी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास तशीच ठेवावी. नळी योग्य जागी आहे याची खात्री, शिकवलेल्या पद्धतीने, प्रत्येक वेळी करावी. भरवताना ठसका लागला, ओठ निळसर झाले किंवा श्वास घुरघुरू लागला तर तत्काळ थांबावे.

कफ ओढताना हात स्वच्छ धुवावेत आणि एका वेळी दहा सेकंदांहून अधिक काळ ओढू नये. गळ्यात श्वासनळी बसवलेली असेल तर त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशी दोन नळ्यांची जोडी मुलाच्या उशाशी सदैव हवी. कपाटात ठेवलेली जोडी ऐन वेळी सापडत नाही.

झटका आला तर मुलाला एका कुशीवर वळवावे, भोवतालच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा वा चप्पल हुंगवून झटका थांबत नाही. त्यात मोलाचा वेळ मात्र जातो. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेले तातडीचे औषध द्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि एक, महिनोन्महिने झटका आला नाही म्हणून रोजचे औषध आपल्या मनाने बंद करू नये.

औषध घरातल्या चमच्याने मोजू नये. सुई नसलेल्या सिरिंजने मोजावे. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर तिच्यातील औषधाची तीव्रता तीच आहे का, हे विचारूनच घ्यावे. तीव्रता बदलली की तेवढेच मिलिलिटर कमी किंवा जास्त मात्रा होऊन बसते.

आजीच्या अनुभवाला नवी जोड

आपल्या पिढीने अनेक मुले हातावर वाढवली. त्या अनुभवाचे मोल मोठे आहे. मुलाचा रडण्याचा सूर बदलला, अंग कोमट लागले, नजर निस्तेज दिसली, हे आजीला यंत्राआधी कळते. पण या मुलांच्या बाबतीत काही जुन्या सवयी सोडाव्या लागतात. नाकात किंवा घशात तेल सोडू नये. ते फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. ओवा-लसणाची धुरी दुर्बळ फुफ्फुसांना सोसत नाही. गुटी वा काढा डॉक्टरांना सांगितल्याशिवाय देऊ नये. मालीश हलक्या हाताने जरूर करावे, त्याने मुलाला बरे वाटते; पण आखडलेले हातपाय जोर लावून सरळ करू नयेत, कारण न चालणाऱ्या मुलांची हाडे ठिसूळ असू शकतात. स्वतः हालचाल करू न शकणाऱ्या मुलाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी आणि आंघोळीच्या वेळी माकडहाड, टाचा, कोपरे यांवर लाली आली आहे का ते पाहावे.

घरात प्राणवायूचे यंत्र किंवा सिलिंडर असेल तर देवघराची जागाही विचारात घ्यावी लागते. निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी, विडी-सिगारेट यांपैकी काहीही त्या खोलीत नको. देव दुसऱ्या खोलीत हलवले तरी देवच असतात.

गुरुवारची वीज, चाकणचा रस्ता

आपल्या भागात गुरुवार हा औद्योगिक सुट्टीचा वार. वीजवाहिन्यांच्या देखभालीची कामेही बहुधा याच दिवशी काढली जातात. इतरांच्या घरी पंखा बंद पडतो. या घरी श्वासाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून वीजजोडणीशी आपला भ्रमणध्वनी क्रमांक नोंदवून घ्यावा, म्हणजे नियोजित वीजबंदीचा संदेश आधी मिळतो. घरात श्वासाचे यंत्र चालते हे स्थानिक वीज कार्यालयाला लेखी कळवावे आणि त्या पत्राची पोच जपून ठेवावी. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. इन्व्हर्टर घेण्याआधी यंत्रावर लिहिलेले वॅट पाहून किती तास चालेल याचा हिशेब विक्रेत्याकडून लिहून घ्यावा. कफ ओढण्याचे यंत्र पायाने चालणारेही मिळते. वीज नसताना ते जीव वाचवते. प्राणवायूचा भरलेला सिलिंडर हाताशी हवा आणि महिन्यातून एकदा त्याचा दाब पाहावा.

दुसरी अडचण रस्त्याची. पुणे-नाशिक महामार्गावर, विशेषतः चाकणच्या तळेगाव चौकात, पाळी सुटण्याच्या वेळी काय होते हे सांगायला नको. रुग्णवाहिकेलाही वाट मिळणे अवघड. तेव्हा मुलाच्या डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवावे, की नेहमीचे रुग्णालय दूर असल्यास पहिला आधार जवळच्या कोणत्या रुग्णालयात घ्यायचा. त्या रुग्णालयात एकदा मूल बरे असताना जाऊन यावे आणि कागद दाखवून ठेवावेत.

यासाठी एक पान तयार करावे. त्यावर मुलाचे नाव, वजन, आजाराचे नाव डॉक्टरांच्या अक्षरात, औषधे आणि त्यांची मात्रा, कशाची अ‍ॅलर्जी, नळीचे माप, मुलाची नेहमीची प्राणवायू पातळी, डॉक्टरांचे क्रमांक आणि ‘असे झाले तर हे करा’ अशा चार-पाच ओळी असाव्यात. एक प्रत दारामागे, एक पिशवीत आणि एक छायाचित्र सर्वांच्या भ्रमणध्वनीत. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरांसमोर आईला रडू आवरत नसताना हे पान तिच्या वतीने बोलते.

हक्काचे ते मागावे

अशा घरांची बचत दोन-तीन वर्षांत संपते. त्यामुळे शासनाकडून जे मिळू शकते ते संकोच न करता घ्यावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता आहे. मेंदूचा पक्षाघात, स्नायूंचा ऱ्हास, बहुविकलांगता यांबरोबरच थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्तविकारही त्यात येतात. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड ही पुढच्या सर्व दारांची किल्ली समजावी. महाराष्ट्र शासनाचा स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग डिसेंबर २०२२ पासून आहे, आणि महापालिका हद्दीतील रहिवाशांनी पालिकेच्या समाज विकास विभागातही चौकशी करावी.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. आधीपासूनचा आजार आहे म्हणून नकार दिला जात नाही आणि उपचारपद्धतींचा खर्चही त्यात धरला जातो.

कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची. कर्मचारी राज्य विमा योजनेत येणाऱ्या कामगाराचे मूल शारीरिक वा मानसिक दौर्बल्यामुळे पूर्णतः त्याच्यावर अवलंबून असेल, तर ते दौर्बल्य असेपर्यंत, म्हणजे वय वाढले तरीही, कुटुंबाचा सदस्य म्हणून उपचारांना पात्र राहते. कंत्राटी कामगाराच्या वेतनातून या योजनेची वर्गणी कापली जात असेल तर हा लाभ त्याचाही आहे. वेतनाची पावती पाहून घ्यावी आणि चिंचवडच्या मोहननगर येथील कामगार विमा रुग्णालयात विचारणा करावी.

दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारचे धोरण २०२१ मध्ये आले आणि पुढील वर्षी मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. ही मदत निश्चित केलेल्या उत्कृष्टता केंद्रांतून मिळते. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक आहे. जे मूल शाळेत जाऊच शकत नाही, त्याला घरी शिक्षण मिळण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे. आठवड्यातून एकदा येणारा शिक्षक त्या मुलाला सांगतो, की तूही कोणत्यातरी वर्गात आहेस.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

सत्तरीच्या आजीने बारा वर्षांच्या नातवाला उचलताना कंबर धरली, की दोन रुग्ण होतात. उचलताना कंबरेतून वाकू नये. गुडघे वाकवावेत, मुलाला अंगाशी धरावे आणि शक्य तेथे दोघांनी मिळून उचलावे. मूल जड झाले की चादरीच्या साहाय्याने सरकवण्याची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून शिकावी. आपली रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी मुलाच्या औषधाच्या वेळेला जोडून टाकावी, म्हणजे विसरत नाही. फ्लूची लस मुलाबरोबर आपणही घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारावे. घरात खोकला आणणारे माणूस कमी असलेले बरे.

शरीराइतकेच शब्दही जपावेत. ‘मागच्या जन्मीचे काहीतरी असेल’, ‘हिच्या माहेरी कोणाला होते का?’ अशी वाक्ये घरातल्याच माणसांकडून येतात आणि त्या आईच्या मनात वर्षानुवर्षे सलतात. अनेक जनुकीय आजारांत दोष आई आणि वडील दोघांकडून नकळत आलेला असतो, तर काहींत तो नव्यानेच उद्भवतो. कोणाचाही अपराध नसतो. सासूने एकदा सुनेजवळ बसून ‘तुझी यात काही चूक नाही’ एवढे म्हटले, तर ते कोणत्याही औषधाहून कमी नाही. मन फारच खचले तर १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मराठीत बोलता येते.

घरातील दुसरे, धडधाकट मूलही विसरले जाऊ नये. त्याच्या शाळेच्या कार्यक्रमाला कोणीतरी गेलेच पाहिजे. हे काम आजोबांनी आपल्याकडे घ्यावे.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे १९८२ साली ‘हेलन हाउस’ सुरू झाले. एका आजारी मुलीच्या पालकांना थोडी विश्रांती मिळावी म्हणून एका धर्मभगिनीने तिला अधूनमधून आपल्याकडे ठेवून घेतले, त्या मैत्रीतून मुलांसाठीची ही जगातील पहिली शुश्रूषा-वास्तू उभी राहिली. पुण्यातील वारज्याला कर्करुग्णांसाठी १९९७ पासून सिप्लाचे परिहार सेवा केंद्र आहे. वेदना कमी करणे आणि कुटुंबाला धीर देणे हाही उपचारच आहे, हा विचार अशा ठिकाणी रुजला. ‘आता काही करता येणार नाही’ असे वाक्य कानी पडले, तर परिहार सेवेबद्दल जरूर विचारावे. आजार बरा होत नसला तरी श्वासाची धाप, वेदना आणि भीती कमी करता येते.

प्रत्येक गल्लीत अशी वास्तू उभी राहणार नाही. पण आपल्या शहरात ज्येष्ठ नागरिक संघ ठिकठिकाणी आहेत, महिला मंडळे आहेत. शेजाऱ्यांनी ‘काही लागले तर सांगा’ म्हणू नये. ते घर कधीच सांगत नाही. ‘मंगळवारी चार ते सहा मी बसते, तुम्ही झोपून घ्या’, ‘रेशन मी आणतो’, ‘गुरुवारी वीज गेली तर आमच्या जनरेटरवर यंत्र लावा’, असे नेमके सांगावे.

आमच्यामागे याचे कोण?

हा प्रश्न प्रत्येक आजी-आजोबांच्या मनात असतो आणि ओठांवर येत नाही. तो एकदा घरात बसून बोलावा. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली येणाऱ्या दिव्यांगत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. त्याआधीच मृत्युपत्रात मुलाच्या नावे काय ठेवायचे आणि ते कोण सांभाळणार, हे वकिलाच्या सल्ल्याने लिहून ठेवावे. भावंडांवर न विचारता भार टाकू नये. त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे.

सारे एका दिवसात होणार नाही. या पंधरवड्यात एवढे करा: दारामागे लावायचे ते एक पान लिहून काढा आणि घरातील दुसऱ्या माणसाला एक कौशल्य शिकवा, नळीने दूध देणे किंवा कफ ओढणे. पुढच्या आठवड्यात एका रात्री आईला सलग सहा तास झोपू द्या. पाळी बदलणारे माणूस वेळेवर आले की आधीच्या कामगाराला घरी जाता येते, हे या गावाला कोणी शिकवायला नको.